धडगावच्या शिबिराला जावे का? मुलांना भूल देणाऱ्या डॉक्टरचे उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. पदव्युत्तर शिक्षण संपवून दोन वर्षे झालेले एक भूलतज्ज्ञ विचारतात, की नंदुरबार जिल्ह्यातील धडगावला एका स्वयंसेवी संस्थेने दुभंगलेले ओठ आणि दुभंगलेली टाळू असलेल्या मुलांसाठी मोफत शस्त्रक्रिया शिबिर ठेवले आहे. शस्त्रक्रियेचे दिवस चार, टेबले दोन, नोंदलेली मुले ४८, आणि पाचव्या दिवशी सकाळी सगळे पथक परत. काही सहकारी त्यांना सांगतात, की असली शिबिरे म्हणजे लहान मुलांच्या जिवाशी खेळ आहे. इतर काही म्हणतात, की आपण गेलो नाही तर त्या मुलांकडे बघणारे कोणीच नाही. अशा वेळी त्यांनी जावे का?

मी २४ वर्षे मुलांना भूल देत आले आहे आणि सातपुडा, मेळघाट व गडचिरोली या भागांतल्या अनेक शिबिरांत काम केले आहे. माझे उत्तर ‘जा’ असेच आहे, पण होकार कळवण्याआधी आयोजकांना एक प्रश्न विचारा: ४८ हा आकडा कोणी आणि कशावरून ठरवला? दोन टेबले, चार दिवस आणि सर्जनचा हात किती वेगाने चालतो, एवढ्यावरून तो निघाला असेल, तर तो चुकीच्या टोकाकडून निघाला आहे. शिबिरात किती मुले घ्यायची, हे रात्री वॉर्डात किती जाणकार माणसे जागी असणार आहेत आणि पथक निघून गेल्यानंतर सहाव्या, सातव्या, दहाव्या दिवशी त्या मुलाला कोण पाहणार आहे, यावरून ठरले पाहिजे. तुमच्या प्रश्नाचा गाभा मला इथे दिसतो, आणि पुढचे सगळे विवेचन त्याच्याच आधाराने केले आहे.

आधी या शिबिरांची गरज का पडते, ते पाहू. आपल्याकडे साधारण सातशे ते हजार जन्मांमागे एक बाळ दुभंगलेला ओठ किंवा टाळू घेऊन जन्माला येते. हे व्यंग असे आहे की त्याने बाळ कोणत्याही एका दिवशी दगावत नाही, म्हणून ते कोणत्याच रांगेत पुढे येत नाही. टाळू दुभंगलेली असली की तोंडात ओढ निर्माण होत नाही, बाळाला अंगावर पिता येत नाही, दूध नाकातून बाहेर येते, वजन वाढत नाही, आणि शेवटी ते बाळ न्यूमोनियाने किंवा अतिसाराने जाते. मृत्यूच्या कारणात टाळूचा उल्लेखही नसतो. त्यात घरच्यांनी ‘ग्रहणात आईने काहीतरी चिरले, त्याचे हे फळ’ असे मानून गप्प बसणे आलेच. एक अनुभव सांगते. एका आईला मी तीनदा सांगितले की बाळाची टाळू उघडी आहे, आणि तिन्ही वेळा तिने बाळाच्या डोक्यावरून हात फिरवून ‘ती तर भरत आली’ असे उत्तर दिले. आपल्या भाषेत डोक्यावरचीही टाळू आणि तोंडातलीही टाळूच, हे माझ्या ध्यानातच आले नव्हते. तेव्हापासून मी टॉर्च घेऊन आईला बाळाच्या तोंडात बघायला लावते आणि मगच बोलायला सुरुवात करते.

या कामाला आपल्याकडे मोठी परंपरा आहे, तिच्याकडे तुच्छतेने बघू नका. पंढरपूरला जन्मलेले आणि अमेरिकेत स्थायिक झालेले प्लास्टिक सर्जन डॉ. शरदकुमार दीक्षित १९६८ पासून दरवर्षी भारतात येऊन मोफत शिबिरे घेत राहिले. अपघाताने आलेला अंशतः पक्षाघात आणि स्वरयंत्राचा कर्करोग सोसूनही त्यांनी हे काम थांबवले नाही. २००१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०११ मध्ये ते गेले. १९९१ मध्ये जीवनरेखा एक्सप्रेस ही रुग्णालयाची आगगाडी सुरू झाली. जिथे शस्त्रक्रियागृह नाही तिथे रुळांवरून शस्त्रक्रियागृहच नेण्याची ती कल्पना होती. पुढे विचार बदलत गेला. १९९९ मध्ये सुरू झालेल्या स्माइल ट्रेनने बाहेरून पथके पाठवण्याऐवजी त्या त्या देशातल्या सर्जनांना आणि रुग्णालयांना वर्षभर पाठबळ देण्याचा मार्ग धरला. ऑपरेशन स्माइल ही संस्था १९८२ पासून पथके घेऊन देशोदेशी जात होती. तिनेही २०११ मध्ये गुवाहाटीत आसाम सरकारच्या सहकार्याने कायमचे केंद्र उभे केले, जिथे शस्त्रक्रियेबरोबर दंतोपचार, आहार आणि वाचा-उपचारही होतात. ज्यांनी आयुष्यभर शिबिरे केली त्यांनाच अनुभवाने कळत गेले, की पाहुण्या पथकाचे काम जिथे संपते तिथून मुलाचे बरेचसे उपचार सुरू होतात. तुमच्या टीकाकार सहकाऱ्यांच्या म्हणण्यात एवढे तथ्य निश्चित आहे.

आता ४८ या आकड्याकडे वळू. एका ओठाला भूल देण्यापासून मूल पूर्ण जागे होईपर्यंत सव्वा ते दीड तास धरा आणि टाळूला दोन तास किंवा त्याहून अधिक. दर टेबलाला दिवसाला सहा मुले घ्यायची, तर सकाळी आठला सुरू केलेली यादी संध्याकाळी सातच्या आत संपत नाही. शेवटचे मूल जागे होऊन वॉर्डात जाते तेव्हा बाहेर अंधार असतो आणि तुम्ही स्वतः अकरा तास उभे असता. दररोज १२ मुले आणि त्यांतली निम्मी टाळूची असतील, तर आदल्या दिवशीची टाळूची मुले धरून दुसऱ्या रात्री वॉर्डात १८ मुले होतात. ग्रामीण रुग्णालयात रात्रपाळीला सहसा एक किंवा दोन सिस्टर असतात, आणि त्यांच्याकडे बाळंतीण, सर्पदंश आणि तापाचे रुग्णही असतात. चौथ्या रात्री तर नुकतीच शस्त्रक्रिया झालेली १२ मुले वॉर्डात आणि पथकाच्या बॅगा बांधून तयार, अशी स्थिती येते. माझ्या मते या ठिकाणी पहिल्या दिवशी सहा, दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी नऊ-नऊ अशी २४ मुले घ्यावीत आणि चौथ्या दिवशी एकही शस्त्रक्रिया करू नये. पहिला दिवस हलका ठेवायचा, कारण यंत्राचे, विजेचे आणि माणसांचे सगळे दोष त्याच दिवशी उघडे पडतात. शेवटचा दिवस मोकळा ठेवायचा, कारण आपण ज्याला भूल दिली त्याच्याजवळ पहिले चोवीस तास आपण असलेच पाहिजे.

हे मी पुस्तकातून शिकलेले नाही. माझ्या दुसऱ्याच शिबिरात, एका तालुक्याच्या गावी, आम्ही चौथ्या दिवशी संध्याकाळी एका दीड वर्षाच्या मुलाची टाळू शिवली. मूल छान जागे झाले, रडले, आईच्या कुशीत झोपले, आणि पथक जेवायला पाऊण तासाच्या अंतरावरच्या मुक्कामी गेले. मी मागे राहिले, तेही केवळ माझी गाडी भरली म्हणून. रात्री अकराच्या सुमारास तिथल्या सिस्टर मला बोलवायला आल्या. त्या म्हणाल्या, ‘मॅडम, बाळ झोपेत सारखं गिळतंय.’ उशीवर रक्ताचा डाग नव्हता, ऑक्सिमीटर ९७ दाखवत होता, आईला काही वेगळे वाटत नव्हते. टॉर्चने पाहिले तर घशामागून रक्ताची बारीक धार उतरत होती आणि मूल ती गिळत होते. नाडी १७० च्या वर गेलेली. सर्जन पोचेपर्यंतचा तो तास मी, त्या सिस्टर आणि एक पायाने चालवायचे सक्शन, एवढ्यावर निभावला. मूल वाचले. पण झोपेतल्या त्या गिळण्याकडे लक्ष गेले ते पथकातल्या कोणाचे नव्हे, तर बाराशे रुपयांच्या मानधनावर रात्रपाळी करणाऱ्या तिथल्या सिस्टरांचे. त्यानंतर मी कुठल्याही शिबिरात पहिल्या दिवशी दुपारी तिथल्या सिस्टरांबरोबर तासभर बसते आणि वारंवार गिळणे, छातीचा खळगा आत ओढला जाणे, घोरण्यासारखा आवाज, आणि अस्वस्थ मूल अचानक शांत होणे, या चार गोष्टी करून दाखवते. त्यांचा फोन आला तर मी कितीही दमलेली असले तरी उठेन, हेही सांगते. रात्रीचे शिबिर त्याच चालवतात.

यातून ओठ आणि टाळू यांतला फरक निघतो, आणि माझ्या उत्तराचा सर्वांत ठाम भाग तोच आहे. ओठाची शस्त्रक्रिया बाहेरची आहे. रक्तस्राव दिसतो, दाबता येतो, श्वासमार्ग मोकळा राहतो, आणि गालाजवळच्या नसेला बधिर करणारे इंजेक्शन दिले की मूल जागे झाल्यावर शांत राहते. फक्त जागा बधिर करणाऱ्या लिग्नोकेन आणि ॲड्रिनलिनच्या मिश्रणाचा हिशोब तुम्ही स्वतः करा: ॲड्रिनलिनसह कमाल मात्रा किलोला ७ मिलिग्रॅम, म्हणजे पाच किलोच्या बाळाला एक टक्क्याचे साडेतीन मिलिलिटर. सर्जन दहा मिलिलिटरची सिरिंज भरून घेतात तेव्हा हे मोठ्याने बोलून दाखवा. टाळूची गोष्ट निराळी. तिथे रक्त, सूज आणि श्वास हे तिन्ही एकाच अरुंद वाटेत असतात. जबडा उघडा ठेवणाऱ्या उपकरणाने जीभ दाबली जाते आणि नंतर सुजते, श्वासासाठी घातलेली नळी मुडपते, घशात ठेवलेली गॉजची पट्टी विसरली जाऊ शकते. म्हणून ज्या ठिकाणापासून मुलांचा अतिदक्षता विभाग घाटरस्त्याने दोन-अडीच तास दूर आहे, तिथे टाळू करू नये, असे माझे मत आहे. धडगावला ओठ करा. टाळूची मुले गाडी करून, आई आणि एका नातेवाइकासह, त्यांच्या जेवणाची व मजुरी बुडल्याची भरपाई देऊन, मोठ्या केंद्रात न्या. आयोजक खर्चाचे कारण सांगतील. ४८ मुलांच्या शिबिरासाठी जो पैसा जमवला आहे, त्यात हा खर्च बसतो. ज्या बाळाची हनुवटी फार आत आणि जीभ मागे पडलेली आहे, त्याला तर शिबिरात हातही लावू नका, मग आईने कितीही विनवले तरी.

ओठासाठी मुले निवडताना जुना दहाचा नियम अजूनही कामाचा आहे: वय दहा आठवडे, वजन दहा पौंड म्हणजे साधारण साडेचार किलो, हिमोग्लोबिन दहा. मोठ्या रुग्णालयात अनुभवी हातांनी याहून लहान बाळालाही भूल देता येते, पण शिबिरात नियम सैल करण्याचे कारण नाही, उलट तो थोडा घट्टच करावा. मी साडेपाच-सहा किलोच्या आत सहसा घेत नाही, आणि वेळेआधी जन्मलेले लहान बाळ तर नाहीच, कारण भुलीनंतर अशी बाळे काही तासांनीही श्वास घ्यायचे थांबू शकतात. सातपुड्यात या नियमाने यादीतली बरीच मुले गळतात. ती गळलेली मुले हेच शिबिराचे खरे काम आहे, असे मला वाटते. त्यांना नुसते ‘पुढच्या वर्षी या’ म्हणून परत पाठवले, तर पुढच्या वर्षी त्यांच्यातली काही नसतील. म्हणून पथकात एक आहाराची जाणकार व्यक्ती असावी, जी आईला हाताने दूध काढायला, बाळाला उभे धरून वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने, म्हणजे चोच असलेल्या छोट्या भांड्याने, थोडे थोडे पाजायला आणि मधून मधून ढेकर काढायला शिकवील. महागडी परदेशी बाटली एकदा फुकट देऊन काही होत नाही, तिची रबरी चोच महिन्याभरात चिरते. बोंडले आपल्या आज्यांच्या हाताला माहीत आहे, उकळून घेता येते आणि तालुक्याच्या बाजारात मिळते. एका शिबिरात ३.१ किलोची म्हणून परत पाठवलेली मुलगी चार महिन्यांनी ५.४ किलोची होऊन आली. दर आठवड्याला वजन करून मला कळवणाऱ्या आशाताई तिच्या आईच्या शेजारीच उभ्या होत्या, आणि त्यांनी वजनाची वही माझ्यापुढे धरली तेव्हा तिची पाने हाताळून मऊ पडलेली होती.

आता सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराविषयी थोडे विस्ताराने लिहिते, कारण पुण्या-मुंबईत शिकलेल्या भूलतज्ज्ञाच्या मनात तो पहिल्यांदा येत नाही. नंदुरबारच्या भिल्ल आणि पावरा समाजात, तसेच गडचिरोली आणि मेळघाटच्या पट्ट्यात, हा आजार व त्याचे वाहक (म्हणजे ज्यांच्यात त्याचे जनुक आहे, पण आजार नाही) मोठ्या संख्येने आहेत. थंडी, उपाशी राहून आटलेले पाणी, आणि भुलीत क्षणभर कमी झालेला प्राणवायू या तीन गोष्टी शिबिरात सहज घडतात, आणि नेमक्या त्याच सिकलसेलच्या मुलाला घातक ठरतात. म्हणून प्रत्येक मुलाची चाचणी हवी, हे ठरलेलेच. पण अडचण अशी, की शिबिरात वापरतात ती साधी विद्राव्यता चाचणी सहा महिन्यांच्या आतल्या बाळात खोटी निर्दोष येऊ शकते, कारण त्याच्या रक्तात अजून गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन बरेच असते. रक्त फार कमी असेल तरीही ती फसवते. आणि ओठाची शस्त्रक्रिया तर आपण याच वयात करतो. त्यावर माझा उपाय असा, की लहान बाळाऐवजी आई आणि वडील दोघांची चाचणी करून घ्यायची. दोघेही निर्दोष असतील तर प्रश्न मिटला. एक जरी वाहक निघाला तर बाळाचे रक्त इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या हिमोग्लोबिनचा प्रकार नेमका सांगणाऱ्या चाचणीसाठी पाठवायचे आणि निकाल येईपर्यंत थांबायचे. २०२३ मध्ये राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाल्यापासून अनेक कुटुंबांकडे तपासणीचे कार्ड असते. आयोजकांनी ते आधीच मागवून घ्यावे. वाहक मुलाची शस्त्रक्रिया योग्य काळजीने करता येते. आजारी मूल मात्र मोठ्या रुग्णालयातच.

तारखांचाही विचार करा. पावसाळ्यात शिबिर ठेवले तर निम्म्या मुलांची नाके वाहत असतात, आणि सर्दी झालेल्या बाळाला नळी घालताना किंवा काढताना स्वरयंत्र आवळले जाण्याचा धोका कितीतरी वाढतो. अशा मुलाला दोन ते चार आठवडे थांबवायला हवे. पण जे कुटुंब नर्मदाकाठच्या पाड्यावरून आधी बोटीने, मग जीपने आले आहे, त्याला ‘तीन आठवड्यांनी या’ म्हणणे किती अवघड असते, ते तिथे उभे राहिल्यावरच कळते. दिवाळीनंतर थंडीत ठेवावे, तर तोवर बरीच माणसे गुजरातेत ऊसतोडीला आणि शेतमजुरीला गेलेली असतात. होळीला मात्र सगळे घरी परततात. काठी गावची राजवाडी होळी आणि त्या आठवड्यातले भोंगऱ्या बाजार, म्हणजे होळीनिमित्त भरणारे आदिवासींचे बाजार, कोणी चुकवत नाही. होळीच्या आधी कोणी रुग्णालयात राहणार नाही, पण होळी संपल्यानंतरच्या आठ-दहा दिवसांत माणसे गावात असतात, हवा कोरडी असते आणि उन्हाचा कहर अजून सुरू झालेला नसतो. मी अनेक वर्षे याच काळाचा आग्रह धरत आले आहे. तुमच्या आयोजकांनी तारखा शाळेच्या सुट्ट्यांवरून किंवा देणगीदारांच्या सोयीवरून ठरवल्या असतील तर त्यांना हे सांगा. बहुतेकांनी याचा विचार केलेला नसतो आणि सांगितले की ते ऐकतात.

उपाशी ठेवण्याबाबत एकच गोष्ट सांगते, पण ती जिवाची आहे. नियम तुम्हाला माहीत आहेत: भुलीआधी सहा तास जेवण किंवा वरचे दूध नाही, चार तास आईचे दूध नाही, दोन तास पाणी नाही. आईपर्यंत मात्र ‘रात्रीपासून काही देऊ नका’ एवढेच पोचते. मग संध्याकाळी आठला प्यालेले सात महिन्यांचे बाळ दुसऱ्या दिवशी दुपारी दीडला टेबलावर येते: ओठ सुकलेले, डोळे खोल, शीर सापडत नाही, साखर उतरलेली. यावर माझा उपाय साधा आहे. सर्वांत लहान बाळे सकाळी पहिली घ्यायची, आणि पहाटे चार वाजता मी स्वतः वॉर्डात जाऊन एकेका आईला हलवून उठवते. साडेआठच्या बाळाला आत्ता पाजा, साडेदहाच्या बाळाला सहा वाजता पाजा, असे दुभाषी ताईंकडून सांगवते आणि बाळ प्यायल्याचे डोळ्यांनी पाहून खाटेला चिकटपट्टीवर वेळ लिहून लावते. पहाटेच्या त्या तासात, मंद दिव्यात, आयांच्या हातातल्या बोंडल्यांचा आणि वाट्यांचा बारीक आवाज सोडला तर वॉर्ड शांत असतो. दिवसातली अर्धी भूल मी तिथेच दिलेली असते.

साधनसामग्रीची यादी तुम्ही करालच. तीत कॅप्नोग्राफ (श्वासातून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड मोजणारे यंत्र) नसेल तर जाऊ नका, एवढे पुरे. ऑक्सिजनचा हिशोब कागदावर मांडा: लहान ‘बी’ सिलिंडरमध्ये साधारण १,५०० लिटर असतो, म्हणजे मिनिटाला चार लिटर वापरला तर सव्वासहा तास, दोन टेबले आणि जागे होण्याची खोली धरून मोठी ‘डी’ सिलिंडरे किती लागतील ते आधी ठरवा, आणि रुग्णालयात करोनाकाळात बसवलेला ऑक्सिजन प्रकल्प असेल तर तो आज चालू आहे का, हे तंत्रज्ञाकडून फोनवर नव्हे तर प्रत्यक्ष जाऊन विचारा. आदल्या दिवशी मुख्य वीज मुद्दाम बंद करून जनित्र किती सेकंदांत सुरू होते ते पाहा. जवळच्या रक्तसाठा केंद्राचा आणि १०८ रुग्णवाहिकेच्या चालकाचा क्रमांक भिंतीवर मोठ्या अक्षरांत हवा.

संमतीचा कागद मराठीत असतो आणि आई पावरी किंवा भिलोरी बोलते. तिचा अंगठा घेतला म्हणजे संमती झाली असे नाही. दुभाषी ताईंना आधी समजावून सांगा, मग त्यांच्याकडून आईला, आणि मग आईने काय समजून घेतले ते तिच्याच शब्दांत उलट ऐका. भुलीत जिवाला धोका असू शकतो, हे वाक्य गाळू नका. छायाचित्रांची परवानगी वेगळी घ्या, आणि ती नाकारली तर शस्त्रक्रियेवर काही परिणाम होणार नाही, हे आईला स्पष्ट कळू द्या. पथकात परदेशी डॉक्टर असतील तर त्यांच्याकडे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाची तात्पुरती परवानगी आहे का, तेही पाहा.

यातले बरेच काही परिस्थितीवर अवलंबून आहे, हे मान्य करायला हवे. त्याच ठिकाणी कायम राहणारा सर्जन किंवा बालरोगतज्ज्ञ असेल, मुलांचे व्हेंटिलेटर चालवणारी माणसे असतील, तर माझा २४ चा आकडा ३० होईल आणि मोठ्या मुलांच्या टाळूही करता येतील. हेमलकसाच्या लोकबिरादरीसारख्या किंवा गडचिरोलीजवळच्या शोधग्रामसारख्या ठिकाणी, जिथे वर्षभर रुग्णालय चालते आणि शस्त्रक्रिया शिबिरे त्याला जोडून होतात, तिथला हिशोब वेगळा असतो, कारण पाहुणे निघाले तरी रुग्णालय निघून जात नाही. उलट शाळेच्या खोल्यांत उभ्या केलेल्या शस्त्रक्रियागृहात मी आता ओठही करणार नाही. आता नंदुरबारलाच वैद्यकीय महाविद्यालय झाले आहे. धडगावला मुले तपासायची, वजने आणि रक्त बघायचे, आहाराचे काम करायचे, आणि शस्त्रक्रिया नंदुरबारला करायच्या, अशी वाटणी तुमच्या आयोजकांना जमली तर ती सर्वांत चांगली. बालकांची शोधमोहीम नव्याने उभी करण्याचीही गरज नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच पालघरहून सुरू झाला, त्याची पथके अंगणवाडी आणि शाळांत जाऊन मुले तपासतात, आणि दुभंगलेला ओठ-टाळू त्यांच्या यादीत आहे. त्या पथकाच्या डॉक्टरांना शिबिराच्या आधी दोन महिने भेटा. शिबिरानंतर मुलाला पाहणारेही तेच असतील.

आतापर्यंत सांगितलेले एकत्र धरले तर तुमची भूमिका अशी होते: ओठ घ्यायचे, टाळू केंद्रात न्यायच्या; संख्या निम्मी; आणि शेवटचा दिवस मोकळा. शिवाय नंतर मुलांना पाहण्यासाठी एक सर्जन व एक भूलतज्ज्ञ पथक गेल्यानंतर आणखी दोन दिवस थांबणार. यात आणखी एक गोष्ट जोडा, जी निघण्यापूर्वी लेखी घेतलीच पाहिजे. कोणत्या मुलाला भूल द्यायची नाही, हा शेवटचा शब्द भूलतज्ज्ञाचा राहील आणि त्यावर कोणी कारण विचारणार नाही. तिथे गेल्यावर हा अधिकार मागता येत नाही. मंडपात देणगीदार बसलेले असतात, सर्जन हात धुऊन उभे असतात, बाहेर बाप दोन दिवसांची मजुरी बुडवून बसलेला असतो, आणि तुमच्या हातात सर्दी झालेले साडेचार किलोचे बाळ असते. त्या क्षणी ‘नाही’ म्हणायचे बळ घरून निघतानाच बरोबर न्यावे लागते. मी एकदा ते नेले नव्हते. त्या बाळाचे स्वरयंत्र आवळले, ऑक्सिमीटरचा सूर उतरत उतरत गेला, आणि तो पुन्हा चढेपर्यंतची दोन मिनिटे मला आजही आठवतात. ते बाळ घरी गेले, पण त्याला त्या दिवशी टेबलावर घ्यायलाच नको होते.

तर आयोजकांना आजच पत्र लिहा, या अटी मोकळेपणाने आणि नम्रपणे मांडा. चांगली संस्था त्या मान्य करील, एवढेच नव्हे तर तुमचे आभार मानील. मी पाहिलेल्या बहुतेक संस्थांना मुलांचे भले हवे असते, त्यांना फक्त हे सगळे आधी कोणी सांगितलेले नसते. मुलांची यादी हाती आली, की नावे-गावे झाकून वय, वजन, हिमोग्लोबिन आणि आई-वडिलांची सिकलसेल चाचणी हे रकाने मला कळवा. कोणाला पहिल्या सकाळी घ्यायचे, कोणाला केंद्रात न्यायचे आणि कोणत्या बाळासाठी आधी बोंडले द्यायचे, ते आपण एकेक नोंद घेऊन ठरवू.